फुकट छापलेला लेख

माझं लिखाण आजवर माझ्या एकट्या मित्राने, कमळाकरनेच, वाचलं होतं. तो गेला तेव्हा त्याच्यावर चार पानं लिहिली आणि भीतभीतच आमच्या पनवेलच्याच परेशला त्याच्या ब्लॉगसाठी पाठवली.

"काका, बाहेरच्यांचा लेख टाकायचे, म्हणजे गेस्ट पोस्टचे, मी पैसे घेतो," परेश म्हणाला. "पण तुमच्याकडून काय घ्यायचे? फुकट टाकतो."

साहित्याची एवढी कळकळ असलेला माणूस आपल्या गावात आहे, याचं मला फार कौतुक वाटलं.

लेखाच्या शेवटी कमळाकरच्या बायकोविषयी एक वाक्य होतं : 'आता उरलं आहे ते रंभावहिनींचं रिकामं घर.' ब्लॉगवर त्यातले 'रिकामं घर' हे शब्द निळ्या रंगात दिसले. परेशला ते विशेष आवडले असावेत असं वाटून मी लाजलो, आणि आभार मानायला फोन केला.

"आवडले कुठले, काका. ती बॅकलिंक आहे. त्या शब्दांवर बोट ठेवलं की रोडपालीच्या एका एजंटची जाहिरात उघडते, 'घर विकायचंय?' म्हणून. त्याने पैसे दिले, म्हणून तर तुम्हाला फुकट. बाकी एक अक्षर बदललं नाही हं. लेखकाचा मान राखतो आम्ही."

तो फोन ठेवला तोच रंभावहिनींचा आला.



"भावोजी, लेख वाचला. ते निळे शब्दही दाबून बघितले. मी घर विकावं असं तुमच्या मनात होतं, तर येऊन सांगायचंत."