खड्ड्यातले सात

टँकर आडावर थांबलाच नाही. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या अंगावर फुफाटा उडवत तो थेट हुतात्मा स्मारकाकडं गेला. सोसायटीचा सेक्रेटरी बंकट नळी धरून नवाकोरा संगमरवर धुवायला लागला. गावाला चार दिवसांतून एकदा पाणी. दगडाला मात्र आज अख्खा टँकर, कारण दुपारी मंत्री येणार होते.

बायका मागोमाग धावल्या. तिथूनच दुष्काळी कामावर जायचं म्हणून काहींच्या खांद्यावर टिकाव होते, डोक्यावर पाट्या. सगळ्यांत पुढं कडूबाई. आज अक्षय तृतीया. नवऱ्याच्या नावानं घागर भरायची होती, आणि नवरा इथंच होता, त्या दगडापुढच्या मातीत. अठ्ठेचाळीस साली रझाकारांशी लढताना पडलेली गावची सात माणसं एकाच खड्ड्यात पुरली होती. सरणाला लाकूड नव्हतं आणि रडायला वेळ नव्हता.

कडूबाईला वाचता येत नव्हतं. मोजता येत होतं. मेंढरं मोजण्यातच जन्म गेला होता. त्या दिवशी खड्ड्यात तिनं सात मोजले होते. आज दगडावर सहा ओळी भरल्या.

"एक ओळ कमी कावून?" तिनं विचारलं.

बंकटनं नळी खाली केली. "कोण ऱ्हायलं?"

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. तो गेल्यावर पंचवीस वर्षांत तिनं ते एकदाही घेतलं नव्हतं. आता मात्र ती सगळ्या गावासमोर ओरडली, "सिदू! सिदू मेंढका!"

सोसायटीचे चेअरमन मोहनराव कडक इस्त्रीच्या कपड्यांत मंडपातून बाहेर आले. "वरडू नको, कडूबाई. स्मारक सोसायटीनं बांधलंय. सभासदांच्या यादीवरनं नावं घेतलीत. तुमाला जमीन न्हाई, शेअर न्हाई. आमी तरी काय करावं?"

"सभासद न्हवता म्हून गोळी त्याला टाळून गेली न्हाई, मालक."

मोहनरावांनी घड्याळ बघितलं. "पुढच्या साली बघू."

"दगडावर न्हाई तर मग मातीत तरी कावून ठिवता? काढा त्याला भायेर. माझं माणूस मला द्या."

"येडी का खुळी तू? हाडं कुणाची कोण, आता कसं कळावं?"

"यादी हाय न्हवं तुमच्यापाशी? तिच्यात बघा."

तिनं रिकामी घागर खाली आदळली. शेजारणीच्या खांद्यावरचा टिकाव ओढून घेतला आणि चौथऱ्यापुढं घाव घातला. तीन महिने पाझर तलावाच्या कामावर मुरूम फोडून तिचे हात सोलले होते. इथं मात्र दगड धुतल्याचं पाणी मुरलं होतं. टिकाव पहिल्याच घावात पुरता आत गेला.

"चंद्रभागाकाकू, आवरा हिला!" मोहनराव ओरडले.

चंद्रभागाबाई गर्दीतून पुढं झाली. दगडावरचं पहिलं नाव तिच्या नवऱ्याचं होतं. कडूबाईनं टिकाव उपसून पुन्हा उगारून धरला.

चंद्रभागाबाईनं डोक्यावरची पाटी उतरवली आणि तिच्यापुढं ठेवली.

"भर," ती म्हणाली.