अहिल्याबाईंचा नियम

“अनीश, तुझी जादू फार स्वस्त आहे,” वही परत सरकवत त्याचे वडील मनोहर म्हणाले. “कोणीही उठतो, मंत्र टाकतो. त्याला काही झळ नको लागायला?”

अनीशने नियमांची वही पुन्हा उघडली. टेबलावर फासे टाकून खेळायचा हा खेळ रचण्यापायी त्याने मेडिकल कॉलेज सोडलं होतं. थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की सोमवारी प्रकाशकाला नियम पाठवायचे. पसंत पडले नाहीत, तर मुकाट्याने परत कॉलेजात, असं वडिलांशी ठरलं होतं. मनोहर मेंदूचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. अमेरिकेतल्या त्या अख्ख्या श्रूजबरी गावात त्यांच्या निदानाचा दबदबा होता.

“अहो, पोराला छळू नका,” चहा ठेवत अहिल्याबाई म्हणाल्या. “अनीश, एका मंत्राला एक आठवण द्यायची. दिली की गेली. मग तिच्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही.”

“आई, दॅट्स इट!”

लगेच डाव मांडला. अहिल्याबाई जादूगारीण झाल्या आणि ड्रॉवरमधून यंदाची, २००६ची एक छोटी डायरी घेऊन आल्या. आठवणी तीत लिहूनच ठेवल्या होत्या.

“बघ हिची तयारी!” मनोहर हसले.

बाईंचा हात भलताच सैल. पहिल्या राक्षसासाठी त्यांनी बहिणीच्या, शैलजाच्या लग्नातली पंगत देऊन टाकली. दुसऱ्यासाठी नागपूरच्या घराचा पत्ता.

“अगं, त्या पंगतीत तर मी तुला पहिल्यांदा पाहिलं! काय वाढत होतीस, सांग बरं?”

“अहो, विचारायचं नाही. नियम आहे.”

अनीश खो खो हसला. वर्षभर बापलेक धड बोलत नव्हते. आज मनोहरांनीच हार मानली. “पाठव बाबा. खेळात दम आहे.”

अनीशला रडूच यायचं बाकी होतं. अहिल्याबाई जरा आडव्या व्हायला आत गेल्या. नियमांत दोन-चार उदाहरणं घालावीत म्हणून त्याने डायरी उघडली.

‘शैलजाच्या लग्नातली पंगत. मार्चपासून आठवत नाही.’

‘नागपूरचा पत्ता. जूनपासून.’

त्याने पान उलटलं. शेवटच्या ओळीची आज पाळी आली नव्हती.

‘यांचं नाव. दिवाळीपासून. अहो म्हटलं की भागतं.’