ओट्याचं माप

अमरावतीच्या कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवणारी कहकशाँ मूर्तिजापूरला घरी आली, की ठेंगण्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटताना हमखास करवादायची.

"अब्बा, एका थोर वास्तुकारानं सहा फुटी माणूस धरून इमारतींची मापं ठरवली. तुमी हा ओटा कोणत्या सिद्धांतानं बांधला?"

दाऊद मिस्त्री म्हणाले, "तुया अम्मीले इथं उभं केलं. तिच्या कोपराखाली चार बोटं सोडली, अन् खूण केली."

अम्मी कहकशाँला जन्म देतानाच गेली होती. घरात तिचा एकच फोटो होता, तोही खांद्यापर्यंतचा.

कहकशाँनं लाटणं बाजूला ठेवलं. ओट्यावर चार बोटं आडवी धरली आणि दुसऱ्या हाताचं कोपर त्यांवर टेकेपर्यंत ती गुडघे वाकवत गेली.

"बस," अब्बा म्हणाले. "एवढीच होती."