पडण्याच्या आधीच

डॉक्टरीणबाईंनी केतकीच्या मेंदूचा फोटो उजेडावर धरला आणि तिच्या आईला, मालनला, समजावून सांगितलं, "बाळ पोटात असताना मेंदूच्या पेशी आतून निघून बाहेरच्या थरापर्यंत सरकत जातात. त्यांना सरकायचं बळ देणारं एक प्रथिन हिच्यात कमी पडलं. पुष्कळ पेशी होत्या तिथंच राहिल्या. फिट्स त्यामुळेच येतात."

"पण ही तान्ही असताना हिच्या बाबांच्या हातून पडली होती!"

"त्याचा काही संबंध नाही. दोष जन्माआधीचाच, जनुकातला आहे. रक्ततपासणीत तो तुमच्यातही सापडलाय."

"मग आता उपाय?"

"फिट्स कमी करता येतील. त्या पेशी आता हलायच्या नाहीत."

बाहेर बाकावर झोपलेल्या लेकीला खांद्याशी सावरून सदानंद बसला होता. त्या पडण्यावरून मालन त्याला वर्षानुवर्षं घालूनपाडून बोलत आली होती. त्यानंतर त्याने कुणाचंच मूल कधी कडेवर घेतलं नव्हतं.

"अहो, तुमची चूक नव्हतीच. माझ्याकडूनच आलंय हे," म्हणत तिने रडत रडत सगळं सांगितलं.

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माझ्यासाठी स्वतःवर घेऊ नकोस गं," तो म्हणाला. "पडली तेव्हा ती माझ्याच हातात होती."