समोरचं दुकान

"शनिवारपतुर चार नव्या मशिनी आल्या न्हाईत, तर ह्या जुन्या बी उचलून न्या," बनाबाई म्हणाली आणि तिनं वायर ओढून काळ्या मशिनीचा दिवाच घालवला. "मग मी बी पांढरीच बसवते. समोरच्यावानी."

शिवतेजनं वाकून ती वायर परत लावली.

मलकापुरात, कॉलेजच्या पोरांच्या खोल्या असलेल्या त्या गल्लीत, काळ्या मशिनी बनवणाऱ्या कंपनीचं व्हिडिओ गेम खेळायचं हे एकच दुकान. रस्त्यापलीकडं बाळासोचं दुकान, तिथं सगळ्या पांढऱ्या कंपनीच्या मशिनी. शिवतेज काळ्या कंपनीचा माणूस, महिन्यातनं एकदा पुण्याहून यायचा. आज निघताना साहेबानं ऐकवलं होतं, "मलकापूर गेलं, तर तूपण गेलास म्हणून समज."

"मावशी, असं एकदम काय झालं?"

"एकदम? डोळं हायती का बटनं? बघ की तिकडं!"

समोरच्या पायरीवर चपलांचा ढीग पडला होता. इकडच्या दारात फक्त शिवतेजचे बूट.

कारण शिवतेजला ठाऊक होतं. लढाईचा एक नवा खेळ आला होता, सगळं कॉलेज त्यापायी खुळं झालं होतं. पण तो बनवणारी मंडळीच पांढऱ्या कंपनीनं विकत घेऊन टाकली होती. काळ्या मशिनीवर तो चालतच नव्हता. भांडण कुठं परदेशात, आणि खुर्च्या रिकाम्या मलकापुरात.

"आमचा फुटबॉलचा येतोय की, मावशी. तो त्यांच्याकडं नसणार."

"कवा?"

"दिवाळीला."

"तवर काय मी टीव्हीम्होरं आरत्या म्हनू?"

एवढ्यात समोरून बाळासोचा आवाज आला. कमरेवर हात ठेवून, मिशा वर करून तो रस्त्याच्या कडेला उभा होता. "काय हो काळं दुकान! गिऱ्हाईक नसंल तर शेरडं तरी बांधा आत!"

त्याच्या दुकानातली पोरं खिडकीतून फिदीफिदी हसली. बनाबाईनं डोक्यावर पदर ओढला, पाठ फिरवली आणि शिवतेजवरच कडाडली, "सांग त्यास्नी! म्हणावं, मिशा लय वाढल्यात तुमच्या. येक दिस कातरून ठेवीन!"

शिवतेजला नवल वाटलं. बाई मिशा कातरायला निघाली होती, पण पदर सांभाळून आणि अहो-जाहो करून. खेड्यातली माणसं, भांडणसुद्धा रीतीनं करतात, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

"बाळासोंशी एवढं काय वाकडं आहे, मावशी?"

"त्ये नाव माझ्या तोंडानं यायचं न्हाई. इतकी वर्सं काढलं न्हाई, आता काय काढू?"

तिची सून क्रांती झाकलेली ताटली घेऊन रस्ता ओलांडून समोर गेली. शिवतेजनं बघितलेलं बनाबाईनं बघितलं.

"टेहळणीला धाडते तिला. हात हालवत गेली तर दारात कोन उभं करंल?"

मग जरा नरमून ती म्हणाली, "माझा बा जतकडचा. एडकं झुंजवायचा. येकटा एडका कितीबी तगडा असू दे, त्याच्याकडं कुत्रं बघत न्हाई. दुसरा म्होरं आला की मग माळ भरतो मानसांनी. तुमच्या कंपन्यांचं बी तसंच की रं! ती पांढरी नसती, तर तू माझ्या दारात आला असतास का?"

शिवतेज बॅग उचलून बाहेर पडला.

कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर त्याला धनाजी भेटला. पांढऱ्या कंपनीचा माणूस, एरवी नाक वर करून जाणारा. आज त्याचाही चेहरा उतरला होता.

"तुमची ती बाई नव्या मशिनी मागतीया म्हणं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बाळासोनं. म्हणला, तिला चार आल्या आनि मला न्हाई, तर माझ्या दुकानात उद्यापास्नं काळ्या दिसतील. मला काय सुचंना गड्या."

दोघांनी एकमेकांकडं पाठ केली आणि आपापल्या साहेबाला फोन लावला.

शिवतेजचा साहेब आधी पेटला. मग विचारलं, "पांढरे देतायत?"

"देणार, सर. तो माझ्या मागंच उभा राहून बोलतोय."

"मग आपण मोठा टीव्हीपण देऊ. फुकट. आणि फुटबॉल सगळ्यांच्या आधी तिच्याकडं."

शनिवारी टेम्पो आला. शिवतेजनं स्वतः खोकी उतरवली, वायरी जोडल्या. चार काळ्या मशिनी ओळीनं लखलखल्या, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. समोरही टेम्पो लागला होता. धनाजी घाम पुसत पांढरी खोकी उतरवत होता.

गल्लीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरं जमली. काळी भारी का पांढरी, यावरनं पैजा लागल्या. आठवडाभर ओस पडलेलं दुकान दारापर्यंत भरलं, आणि समोरचंही कमी झालं नाही.

बनाबाईनं मशिनींची पूजा मांडली. शेजारच्या बाया हळदीकुंकवाला आल्या. क्रांतीनं नारळ फोडला. शिवतेजच्या हातात पेढा आला. साहेबाला फोटो पाठवून त्यानं खाली लिहिलं, मलकापूर आपलंच.

"आक्का, आज तरी नाव घ्या," बाया बनाबाईच्या मागं लागल्या. "एवढं मोठं काम झालं. सुनेच्या लग्नात बी टाळलंसा."

"जावा गं! ह्या वयात काय नाव घेऊ!"

"घ्या वो आत्या," क्रांती हसत म्हणाली. "न्हाईतर प्रसाद मिळायचा न्हाई."

बनाबाईनं डोक्यावर पदर घेतला. रस्त्यापलीकडं बघितलं. तिथं दारात झेंडूची माळ बांधता बांधता बाळासो थांबला होता आणि मिशीतल्या मिशीत हसत होता. मान खाली घालून, नव्या नवरीसारखी लाजत ती म्हणाली,

"काळ्या मशिनीला घातला हार, पांढरीला लावलं कुंकू,
बाळासोंचं नाव घेते, दोन्हीकडनं आमीच जिंकू!"