आजीचा बॅरामुंडी
मर्लआजीनं गळाला लावलेला बॅरामुंडी मासा तिच्याहून उंच होता, हे अख्ख्या करुंबा गावाला ठाऊक होतं. आजीनंच सांगितलं होतं. आज नात टेगन घरच्या सर्व्हरमध्ये मोठ्या डिस्क बसवत होती आणि जुन्या साठ्यात त्या माशाचा व्हिडिओ सापडला. आजीचा दीर नेव्ह खुर्ची ओढून बसला. "वहिनी, आता दाखवच मासा!" चहा करायला उठताना टेगन म्हणाली, "शेवटच्या नव्या डिस्कवर बाकीच्या डिस्कांतून सगळं उतरतंय. तोवर त्यातली एखादी बाहेर ओढलीस ना आजी, तर सगळंच जाईल. माझे बाळपणीचे फोटोसुद्धा." इभ्रत वाचवायला आजीचा हात शेजारच्या डिस्कच्या कडीपर्यंत गेला, मग बिस्किटांच्या डब्याकडे वळला. काम संपलं. पडद्यावर मासा आला, वीतभर. "हा तुझ्याहून उंच?" नेव्ह खिदळला. "अरे, जुन्या डिस्कमध्ये जागाच नव्हती, बिचारा आखडून बसला होता," आजी म्हणाली. "आता ऐसपैस वाढेल. नाताळला ये मोजायला."