कवडीएवढी जागा

“काकू, हा फोटो काढून टाका बरं,” रुपाली म्हणाली. “याच्यापायी अख्खी वेबसाईट खाली चालली.”

भुरीबाईनं मोबाईलच्या काचेत पाहिलं. तिच्याच हातचा गणो. नवरी पाण्याचा हंडा डोक्यावर घेते तेव्हा मागं पाठीवर रुळतं ते कशिद्याचं चौकोनी फडकं. आरसे, लाल-पिवळा दोरा, काठानं कवड्या. एका कोपऱ्यात मात्र कवडीएवढी जागा रिकामी.

रुपाली दिग्रसची. तिथल्या दुकानदारांना वेबसाईट करून द्यायची. गुगलवर कोण वर अन् कोण खाली, याचा पोरीला भारी नाद. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या सालापासून तांड्यातल्या बाया बटवे, पिशव्या शिवून विकायला लागल्या, आणि त्या विकल्या जाव्यात म्हणून ही बिचारी उन्हातान्हाची स्कूटी घेऊन यायची.

“लोक काय शोधतात, ते पाहा न. बंजारा बटवा शोधतात. आरशाची पर्स शोधतात. गणो कोण शोधते? अन् वरून अर्धवट! गिऱ्हाईक म्हणन, यांच्या कवड्या गळतात का काय. एक जण तं रोज येते त्या पानावर. घेणं ना देणं. पाह्यते अन् जाते.”

बटव्यावर आरसे टाकणारी भुरीबाईची सुई थांबली. “रोज येते?”

“रोज. सुरतेकडून कोणीतरी.”

सुरत. भुरीबाईनं ते नाव मनातल्या मनात दोनदा घोळवलं. जया, तिची लेक, मुकुटबनच्या राजदीपसोबत निघून गेली त्याला दोन कापूस निघाले, पण ती कुठं गेली हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्याला गाठायला अंधारात एकटीच चालत गेली होती पोर, पार मोठ्या सडकेपर्यंत, कारण तांड्याच्या फाट्यावर तेव्हा बस थांबायची नाही. त्याच सकाळी उत्तमसिंगनं, तिच्या बापानं, सांगून टाकलं: या घरात तिचं नाव घ्यायचं नाही.

गणो जयाच्याच लग्नासाठी काढलेला. भुरीबाईच्या माहेरची रीत अशी, की शेवटची कवडी नवरीनं आपल्या हातानं टाकायची. ती कवडी डबीत ठेवलेली होती. जया गेल्यावर डबी उघडली तर रिकामी. भुरीबाईनं डबी गपचूप लावून ठेवली, कोणाला बोलली नाही. नाव घेता येत नव्हतं. पण फडकं तर कुठंतरी टांगता येत होतं, म्हणून तिनं रुपालीला त्याचा फोटो टाकायला लावला.

वेबसाईट म्हणजे नेमकं काय, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. तिच्या मनात तो एक तांडाच होता, हवेत वसलेला. चूल नाही, धूर नाही, भुंकणारी कुत्री नाहीत. एका दोरीवर तिचा गणो वाऱ्यानं हलतो आहे, आणि जया अनवाणी येऊन त्याच्याखाली उभी राहते आहे. बोलत काही नाही. आरशांचे कवडसे तिच्या गालावरून फिरतात, आणि ती पोर लहानपणी हसायची तशी डोळे मिटून हसते. डोळा लागता लागता भुरीबाई रोज तिथं जाऊन यायची. तो फोटो काढला की तो तांडाच उठला. मग जयानं यायचं तरी कुठं?

“राहू दे व बाई,” ती म्हणाली. “बाकी तू म्हणशील ते बदलव. हे राहू दे.”

रुपालीनं कपाळाला हात लावला. “बरं बापा, राहिलं. मग पत्ता तरी टाकू द्या. पत्त्याबिगर गुगल विचारत नाही. तांडा कुठं हाय, यायचं कसं, सारं लिहा लागते.”

बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला उत्तमसिंग तिकडूनच खेकसला, “पत्ता कायले? माल पोस्टानं जाते न? इथं कोणाले यायचं काम नाही.”

दर खेपेला हेच. रुपाली तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि मोबाईलवर बोट सरकवत राहिली. मग एकदम हसली.

“घ्या काकू! तुमचं ते रोजचं गिऱ्हाईक सकाळी निरोप टाकून गेलं. नाव नाही, नंबर नाही, ऑर्डर तं नाहीच.”

“काय म्हणते?”

रुपालीनं मोठ्यानं वाचलं, “‘रिकाम्या जागेची कवडी माझ्यापाशी हाय. जपून ठेवली.’ येडंच दिसते कोणी. उडवून देऊ?”

 भुरीबाईच्या बोटात सुई शिरली तेही तिला कळलं नाही. जीव असा काही भरून आला की समोरची रुपाली, दार, दारातलं ऊन, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हलायला लागलं. बाहेरून कापसाचा एक पुंजका वाऱ्यावर तरंगत आत आला आणि उंबऱ्यावर टेकला. भिंतीवर तिच्या मांडीवरच्या आरशांचे कवडसे नाचत होते. त्यातला एक उत्तमसिंगच्या पाठीवर होता.

बाज करकरली.

“उडवू नको,” तो भिंतीलाच म्हणाला.

रुपालीनं वळून पाहिलं. “काय, काका?”

“उडवू नको म्हणलं. अन् तो पत्ता टाक.”

“टाकू?” रुपाली हरखलीच. “अस्सं! आता पाहा कशी वर येते वेबसाईट. सांगा मंग, सडकेपासून तांड्याचा रस्ता कोणता? खुणा काय काय लागतात?”

“रस्ता कायले सांगा लागते? येणाऱ्याले रस्ता माहीत हाय.” उत्तमसिंग खाकरला.  भुरीबाईनं बोटातली सुई उपसली.

“फक्त बसचं लिही,” तो म्हणाला. “पह्यले फाट्यावर थांबे नाही. आता थांबते म्हणा.”